सायकल कुठंय?

हवेच्या मशीनवर त्यानं चिल्लर ठेवली,
पंधरा रुपये, मोजून,
आणि म्हणाला, काका, एक सोल्यूशन.
मी दिलं.
त्याच्याकडे सायकल नव्हती
हे मला दिसलं होतं.

जनता वसाहतीच्या पायथ्याशी, कॅनॉलला लागून
माझं दुकान: पाण्याचं घमेलं, दोन पाने, कानस,
रबराची कात्रणं.
बत्तीस वर्षं हा वास बोटांत मुरलाय.
बायको म्हणायची, जेवायच्या आधी रॉकेलनं धुवा.
मला तो येतच नाही आता.
म्हणून वाटायचं, त्यात काही नसतं.

मग शेवंता अवघडे आली. कागद, काच, पत्रा वेचते.
पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा तिनं
माझ्या घमेल्यात ओतल्या, पोतं झटकून,
आणि दुधाच्या पिशव्या, आतून पिवळं वाळलेल्या.
म्हणाली, कठड्यामागं सापडल्या.
भंगारात यांना भाव नाही.
तुझ्याकडं काय भाव आहे?

मी तेच म्हणालो जे सगळे म्हणतात:
मी नाही दिलं तर दुसरा देईल.
ती म्हणाली, दुसऱ्याकडं जाऊन आले.
तो तुझं नाव सांगतोय.

सतरा दुकानं फिरल्या त्या बाया
कामावरून आल्या आल्या, चपला न बदलता.
हार्डवेअर, स्टेशनरी, पानटपरी, आम्ही पंक्चरवाले.
शाळेची जुनी वही होती,
मागून कुणाचे तरी चुकलेले भागाकार,
पुढून आमच्या सह्या.
व्हाइटनर पोरांना द्यायचं नाही.
सोल्यूशन सुटं विकायचं नाही.
पोरगं आलंच, तर ओरडायचं नाही,
एवढंच विचारायचं: सायकल कुठंय?
मी सही केली.
शेजारी ग्रीसचा अंगठाही उमटला, कुणी न मागता.

आता संध्याकाळी त्या कठड्यावर बसतात,
मेथी निवडत.
हाकलत नाहीत कुणाला.
आलास? बस. ही जुडी घे, मुळं खुड.
पोरं चार दिवस पलीकडच्या अंगाला गेली,
मग बायाही गेल्या, मेथी घेऊन.
पोलीस चौकीतून एकजण येतो कधी कधी,
चहा पितो, जातो.
दोन पोरं अजूनही पुलाखाली दिसतात.
त्यातल्या एकाच्या बापाला मी ओळखतो
आणि अजून बोललेलो नाही.

पंधरा रुपयेवाला पुन्हा आला.
ओठांच्या कडेला फुटलेलं, डोळे ओले, थंडीशिवाय.
सायकल कुठंय?
बराच वेळ तो घमेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, विकली. पप्पानं.
लाल होती. मागच्या चाकाला
तुम्हीच तर दोन पॅच मारलेले.

ते चाक मला आठवलं.
व्हॉल्व्हपासून चार बोटांवर खिळा घुसलेला,
पाण्यात धरल्यावर बुडबुड्यांची सरळ रेघ.
चाक आठवलं. पोरगा नाही.

निहाल नाव त्याचं.
दुकानात बसवता येत नाही, वास आहे.
म्हणून बाहेर, जुन्या टायरवर बसवला
आणि वाकडं चाक दिलं हातात:
फिरव, खडू धर,
जिथं घासेल तिथली तार आवळ.
त्याचा हात थरथरायचा,
खडूची खूण सगळीकडेच लागायची.
सरळ झालं का, दर पाच मिनिटांनी विचारायचा.
मी म्हणायचो, ब्रेकला घासलं नाही की झालं.
अकरा दिवस आला.

काल आला नाही.
चाक खिळ्याला टांगलंय, खडू त्याच्या जागी.
दिवे लागायच्या वेळी शेवंताला निरोप धाडला.
मी शटर ओढलं, गल्ल्यापेक्षा आधी
सोल्यूशनच्या खोक्याला कुलूप घातलं
आणि बाहेर आलो.
ती कॅनॉलकडे निघालीच होती.
हातात आज मेथी नव्हती,
बॅटरी होती.